नांगर कशासाठी होता?

गेल्या वर्षी एप्रिल संपत आला तरी माझ्या भावाने नांगरटीसाठी ट्रॅक्टर सांगितला नाही. बार्शी तालुक्यात आमचं अकरा एकर रान आहे. सात एकर ओढ्याकडचं, काळं, भारी. चार एकर माळाचं, हलकं, फूटभरावर मुरूम लागणारं. शेजारपाजारच्या रानांत नांगर फिरून गेले होते, ढेकळं उन्हात तापत पडली होती आणि आमच्या रानात ज्वारीची धसकटं तशीच उभी होती. आप्पांनी आठवडाभर वाट पाहिली आणि मग मला पुण्याला फोन केला. “तुझ्या भावाला काय झालंय बघ जरा. नांगरायचं न्हाई म्हणतो. आपल्या बापजाद्यांनी दरसाल नांगरलं, म्हणून ह्या रानानं आपल्याला खाऊ घातलं.”

भाऊ कोल्हापूरकडचं एक शेत बघून आला होता. तिथे उसाचं पाचट रानातच ठेवलेलं, कित्येक वर्षं नांगर घातलेला नाही, आणि माती हातात घेतली तर चहाच्या चोथ्यासारखी मोकळी. इकडे डिझेल महाग, नांगरटीचा दर दरवर्षी वर, आणि वळवाच्या पहिल्या सरीबरोबर माळावरून वाहून जाणारं गढूळ पाणी तो लहानपणापासून बघत आलेला. तो म्हणाला, “ताई, तू कॉलेजात इतिहास शिकवतेस ना? मग मला एवढंच शोधून दे. ही पद्धत जिथं चालली तिथं का चालली आणि जिथं फसली तिथं का फसली? आप्पांना व्हिडिओ दाखवून काही उपयोग नाही.”

माझा विषय पेशवाईतला महसूल. एखाद्या गावाची रयत सरकारात किती भरणा करत होती ते मला सांगता येतं. ती रयत जमीन कशी कसत होती ते नाही. पंचवीस वर्षं जमिनीच्या कागदांत घालवल्यावर हे ध्यानात येणं काही फार सुखाचं नव्हतं. म्हणून भावाचं काम मी अंगावर घेतलं.

नांगराविरुद्धच्या बंडाची गोष्ट बहुतेक ठिकाणी अमेरिकेतल्या धुळीपासून सुरू करतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात गव्हाला भाव आला आणि कान्सस, ओक्लाहोमा, टेक्सासकडची गवताळ मैदानं झपाट्याने नांगराखाली आली. १९३० नंतर पाऊस रुसला. गवताच्या मुळ्यांनी धरून ठेवलेली माती उघडी पडली होती, ती उडू लागली. १४ एप्रिल १९३५ रोजी एवढं मोठं वादळ झालं की भरदिवसा अंधारून आलं. त्या दिवसाला तिथे ‘काळा रविवार’ म्हणतात. त्याच महिन्यात अमेरिकेने मृदसंधारणाचा कायदा केला आणि ह्यू हॅमंड बेनेट या मृदातज्ज्ञाकडे त्या खात्याची सूत्रं गेली. पण त्या सगळ्या धावपळीत बांध, समपातळी पेरणी, झाडांचे पट्टे असे उपाय होते. खुद्द नांगरालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणारं पुस्तक आलं १९४३ साली. लेखक एडवर्ड फॉकनर, ओहायो राज्यातला, पूर्वी शेतकऱ्यांना सल्ला देण्याची नोकरी केलेला. पुस्तकाचं नाव ‘प्लाउमन्स फॉली’, म्हणजे नांगऱ्याचा मूर्खपणा. त्याचं म्हणणं असं की नांगर पिकाचे अवशेष खाली गाडून टाकतो, तिथे त्यांचा टीपकागदासारखा एक थर होतो, आणि खालची ओल वर मुळांपर्यंत येण्याचा रस्ता तुटतो. अवशेष वरच्या वर ठेवा, निसर्ग तेच करतो. पुस्तक धडाक्याने खपलं, त्यावर भांडणंही तेवढीच झाली.

फॉकनरची अडचण एकच होती. नांगरायचं नाही, तर तणाचं काय करायचं? त्याचं नीटसं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. उत्तर आलं ते कारखान्यातून. ब्रिटनमधल्या आयसीआय कंपनीच्या संशोधकांना १९५५ साली पॅराक्वाट या रसायनाचा तण जाळण्याचा गुण सापडला आणि १९६२ साली ते बाजारात आलं. त्याच १९६२ साली केंटकी राज्यात हर्नडन इथे हॅरी यंग नावाच्या शेतकऱ्याने पाऊण एकराहूनही कमी जागेत न नांगरता मका पेरला. अमेरिकेतल्या व्यापारी बिननांगरट शेतीची सुरुवात या तुकड्यापासून मोजतात. तिथे आज रस्त्याकडेला तशी पाटीही आहे. बिननांगरट शेतीचं वर्णन करणारे लोक गांडुळांबद्दल भरभरून बोलतात, ते खरंही आहे. पण इतिहासात नांगराची जागा आधी घेतली ती गांडुळाने नव्हे, तणनाशकाने. आणि पॅराक्वाट पोटात गेलं तर त्यावर आजही उतारा नाही. हे वाक्य मी भावाला मुद्दाम दोनदा वाचून दाखवलं.

माझ्या कामाचा कागद मात्र पुढे सापडला, आणि तोही ओहायोतच. तिथल्या ग्लोव्हर ट्रिप्लेट आणि डेव्हिड व्हॅन डोरेन या दोन शास्त्रज्ञांनी १९६२ साली वूस्टर या गावी प्रयोगाचे तुकडे आखले. काही तुकडे दरवर्षी नांगरायचे, काही कधीच नाही. पुढच्या वर्षी त्याच राज्याच्या वायव्येला हॉइटव्हिल इथे त्यांनी तशाच प्रयोगाची मांडणी केली. हे प्रयोग आजपर्यंत चालू आहेत, साठ वर्षांहून जास्त. बिननांगरटीचे जगातले सर्वांत जुने प्रयोग म्हणून ते ओळखले जातात.

वूस्टरची जमीन पोयट्याची, किंचित उताराची, पाण्याचा निचरा चांगला. तिथे न नांगरलेल्या तुकड्यांनी नांगरलेल्यांपेक्षा जास्त मका दिला. अवशेषांनी झाकलेल्या जमिनीत पाऊस मुरला, ओल टिकली, माती धुपली नाही. हॉइटव्हिलची जमीन चिकण, सपाट, जड. तो सगळा भाग म्हणजे पूर्वीची एक अवाढव्य दलदल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर आणि जमिनीखाली मातीचे पाइप घालून तिचं पाणी काढलं, तेव्हा कुठे ती शेतीखाली आली. तिथे वर्षानुवर्षं नुसता मका घेतला तेव्हा न नांगरलेल्या तुकड्यांनी मार खाल्ला. वूस्टरला जे आच्छादन उपकार करत होतं, त्यानेच इथे वसंतात जमीन थंड आणि ओली ठेवली. बी उशिरा उगवलं, मुळांना रोग लागले. मक्यानंतर दुसरं पीक अशी फेरपालट केल्यावर ही तूट बरीचशी भरून निघाली. म्हणजे हॉइटव्हिलला ही पद्धत चालणारच नाही असंही नाही. पण तिथे ती फुकट चालत नव्हती, वूस्टरला जवळजवळ फुकट चालत होती.

एकच राज्य, तेच शास्त्रज्ञ, तेच पीक, आणि निकाल उलटे. हे वाचून मला एवढा आनंद झाला की रात्री साडेनऊला मी आप्पांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “म्हंजे रान बघून करायचं.”

“हो.”

“हे सांगायला अमेरिका कशाला पायजे?”

रास्त प्रश्न होता. पण रान बघायचं म्हणजे त्यात नेमकं काय बघायचं? ते मला समजलं मे महिन्यात गावी गेल्यावर, आजोबांच्या वहीतून.

ही वही घरात होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. वाचली कुणीच नव्हती, कारण ती मोडीत आहे. आजोबांची पिढी शाळेत मोडी शिकलेली, आप्पांना ती पुसट येते, भावाला अजिबात नाही. मला येते, ती पोटापाण्याची गोष्ट आहे. पण दप्तरखान्यात दुसऱ्यांच्या आजोबांची मोडी वाचता वाचता स्वतःच्या आजोबांची वाचायची राहून गेली होती. वहीत १९३८ ते १९६६ पर्यंतच्या नोंदी आहेत. कुणाला किती पायली दिली, बैल केवढ्याला घेतला, विहिरीचं पाणी कधी आटलं. आणि मधूनमधून रानाच्या कामाच्या.

माळाचं रान बहुतेक वर्षी नांगरलेलं दिसतं, हलक्या नांगराने, दोन बैलांवर. ओढ्याकडच्या काळ्या रानाबद्दल मात्र दरवर्षी एकच नोंद येते: कुळवाच्या पाळ्या. पावसाळ्यात दोन, तीन, कधी चार. नांगरटीची नोंद अठ्ठावीस वर्षांत चारदा आहे. चारच. आणि चारही वेळा तिच्या शेजारी एक शब्द आहे: हरळी. एका ठिकाणी आठ बैल लावल्याचं आणि इर्जिकीला आलेल्यांच्या जेवणाच्या खर्चाचं टिपण आहे. काळं रान नांगरायचं म्हणजे गावकीचं काम होतं, लहानसहान लग्नच.

मी ते आप्पांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ट्रॅक्टर मीच आणला व्हता. शेजारच्या गावातनं, भाड्यानं. आबा नको म्हणत व्हते.”

ज्यांनी दरसाल नांगरलं ते बापजादे म्हणजे खुद्द आप्पाच होते, आणि तेही तरुणपणापासूनचे. त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं केलेली गोष्ट माणसाला वडिलोपार्जित वाटायला लागते, एवढंच.

आजोबांची पद्धत काही आमच्या घराची खासियत नव्हती. दख्खनच्या काळ्या रानांत दरवर्षी नांगर घालत नसत, काही वर्षांआड घालत, आणि मधल्या काळात कुळवावर, वऱ्हाडात वखरावर, भागवत, हे इंग्रजी अंमलातल्या नोंदींतही येतं. साहेबाला आधी तो आळस वाटला. १८८९ साली इकडची शेती बघायला पाठवलेल्या जॉन ऑगस्टस व्होल्कर या रसायनशास्त्रज्ञाने मात्र १८९३ च्या आपल्या अहवालात रयतेची बाजू घेतली. इथला चांगला शेतकरी इंग्लंडच्या सरासरी शेतकऱ्याला हार जाणारा नाही आणि त्याच्या रीतींना काही कारण असतं, असा त्याचा सूर होता.

इथे कारण मातीतच आहे. काळ्या मातीतली चिकण पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची बारीक माती त्या भेगांत पडते, पावसाळ्यात खालची फुगून वर ढकलली जाते. जमीन स्वतःला नांगरते असं भूगोलाच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. मीही केलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण त्याचा अर्थ असा, की माती मोकळी करण्यासाठी या रानाला नांगर लागतच नाही. मग आजोबांनी चारदा आठ बैल का जुंपले? हरळीसाठी. हरळी आणि कुंदा यांच्या मुळ्या कुळवाच्या फाशीखाली खोल राहतात, फास वरचं कापते आणि खालचं पुन्हा फुटतं. कंद आणि मुळ्या उपटून एप्रिल-मेच्या उन्हात वाळवायच्या, एवढ्याच कामासाठी काळ्या रानात नांगर होता.

लोखंडी नांगर आला तो याच गरजेवर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर केले तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढेल म्हणून शेतकरी घेईनात, पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली, ही गोष्ट आपल्याकडे उद्योजकाच्या चिकाटीची म्हणून सांगतात. ती चिकाटीची आहेच. १९१० साली औंध संस्थानात मिळालेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पण शेतकऱ्यांच्या त्या भीतीला आपण फार चटकन हसतो असं मला आता वाटतं. लोखंडाने विष चढत नाही हे खरं. तरी जी गोष्ट पाचसात वर्षांतून एकदा करायची, ती सोपी झाली की दरवर्षी होऊ लागेल, आणि मग जमिनीचं काय होईल, ही शंका अगदीच अडाणी म्हणता येत नाही. बैलांच्या नांगराने तसं झालं नाही, कारण बैल थकत असत. ट्रॅक्टर थकत नाही.

एवढ्यावर ‘आजोबांचंच बरोबर होतं’ म्हणून वही मिटता आली असती. माझ्या भावाला तेच हवं होतं. पण आजोबा बिननांगरटवाले नव्हते. ते पावसाळाभर कुळव चालवत होते. रब्बीच्या ज्वारीला रान चार महिने मोकळं ठेवावं लागतं, त्या चार महिन्यांच्या पावसात उगवणारं तण कुळवाने कापायचं आणि वरची माती पाऊस प्यायला उघडी ठेवायची. पुढे ज्वारी उभी असताना कोळप्याने भेगा बुजवायच्या, नाहीतर सगळी ओल त्या भेगांतून उडून जाते. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं उगाच म्हणत नाहीत. कुळवही नाही आणि कोळपंही नाही, तर ही दोन कामं कोण करणार? तणाचं काम औषध करेल. भेगांचं आणि ओलीचं काम आच्छादनाने करायचं. आणि तिथे आमची गाडी अडली, कारण आच्छादन म्हणजे कडबा.

हे सगळं जगात दुसरीकडेही लोकांनी तपासलं आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या डार्लिंग डाउन्स भागात आपल्यासारखीच भेगाळणारी काळी माती आहे. तिथेही उन्हाळी पाऊस पडताना रान मोकळं ठेवतात आणि साठलेल्या ओलीवर हिवाळी गहू-जव घेतात; आमच्या ज्वारीचंच गणित. तिथल्या हर्मिटेज संशोधन केंद्रावर १९६८ पासून एक प्रयोग चालला: नांगरट आणि बिननांगरट, आणि त्या दोन्हींत धसकटं राखलेली आणि जाळलेली. रान न ढवळता धसकटंही राखली तेव्हा ओल सर्वांत चांगली साठली. म्हणजे काळ्या मातीला ही पद्धत मानवते, पण ती उघडी ठेवायची नाही.

लाल मातीचं उदाहरण जवळचं आहे. हैदराबादजवळ पाटणचेरूला १९७२ साली स्थापन झालेल्या इक्रिसॅटच्या आवारात काळी आणि लाल अशा दोन्ही जमिनी आहेत. तिथल्या लाल जमिनीवर न ढवळता, न झाकता रान ठेवलं तर पावसाच्या थेंबांनी वर पापडी धरते आणि पाणी मुरण्याऐवजी वाहून जातं. त्याच न ढवळलेल्या रानावर काड पसरलं तर वाहणारं पाणी कमी होतं. २०१५ साली ‘नेचर’मध्ये ६१० अभ्यासांची एकत्र मोजणी प्रसिद्ध झाली. सगळे अभ्यास एकत्र धरले तर बिननांगरटीने सरासरी उत्पादन ५.७ टक्क्यांनी घटतं. कोरडवाहू आणि कोरड्या हवामानात आच्छादन आणि फेरपालट दोन्ही जोडले तर उलट ७.३ टक्क्यांनी वाढतं. भावाने हा दुसरा आकडा वहीच्या पाठकोऱ्या पानावर लिहून ठेवला. पहिला मी त्याच्याखाली लिहिला.

कोल्हापूरच्या त्या शेतात पाचट होतं. उसाचं पाचट जनावर फारसं खात नाही, म्हणून ते रानात राहू शकतं. हरियाणा-पंजाबात भातकापणीनंतर न नांगरता गहू पेरायची पद्धत रुळली, तीही अशीच. भाताचं काड तिथे जनावरांना पुरून उरतं, इतकं की ते जाळण्यावरून दिल्ली गुदमरते. बार्शीत कडब्याची पेंडी कधीकधी ज्वारीपेक्षा जास्त सांभाळून ठेवावी लागते. आमच्या दावणीला दोन म्हशी आणि एक गाय आहे. सात एकरांचा कडबा रानात पसरून ठेवा, हे आईला कोण सांगणार? भावाने विषय काढून बघितला. आई म्हणाली, “आधी म्हशी विकून ये.”

मग आम्ही खड्डे घेतले. टिकाव आणि खोरं घेऊन तीन ठिकाणी दीड-दोन हात खोल: माळावर एक, काळ्याच्या मधोमध एक, आणि ओढ्यालगतच्या सखल कोपऱ्यात एक. काळ्याच्या मधल्या खड्ड्यात वीतभर खाली एक थर लागला, टिकाव उसळावा इतका घट्ट. जुन्या ज्वारीच्या मुळ्या त्या थरापर्यंत सरळ आल्या होत्या आणि तिथून आडव्या वळल्या होत्या. दरवर्षी एकाच खोलीवर फिरलेल्या फाळाने आणि ट्रॅक्टरच्या वजनाने तो केलेला. आप्पा खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसून बघत होते. पण त्या थरातूनही भेगा आरपार खाली गेलेल्या दिसत होत्या. म्हणजे फाळाने जे दाबलं ते माती स्वतः उकलत होती. फक्त तिला दरवर्षी नव्याने दाबलं जात होतं.

सखल कोपऱ्यात भेगा जवळजवळ नव्हत्या. माती मेणचट, वर पांढुरका थर. तिथे ज्वारी नेहमीच पिवळी पडते.

तीन जागचं वाळलेलं एकेक ढेकूळ आणि बांधावरच्या गवताखालचं एक, अशी चार ढेकळं आम्ही चार काचेच्या पेल्यांत पाण्यात सोडली. हे कुणालाही करता येतं, पेला आणि पाणी एवढंच लागतं. बांधावरचं ढेकूळ तासाभरानेही जागच्या जागी होतं. माळाचं मिनिटभरात ढासळून पेल्याच्या तळाशी बसलं. काळ्याच्या मधलं हळूहळू बारीक खड्यांत सुटलं, पाणी बऱ्यापैकी निवळ. सखल कोपऱ्याच्या ढेकळाने पाणी दुधासारखं गढूळ केलं आणि सकाळी उठून पाहिलं तरी ते तसंच होतं. मातीत सोडियम वाढलं की चिकण अशी सुटी होऊन तरंगत राहते. ते आमचं हॉइटव्हिल. तिथे नांगरावं की नाही हा प्रश्नच नंतरचा. आधी ओढ्याकडे चर काढून पाणी बाहेर घालवायला हवं, माती तपासून जिप्सम घालायचं का ते बघायला हवं. भावाने माती तपासणीला दिली, चर मात्र अजून निम्माच झाला आहे.

काळ्याचं ठरलं ते असं: नांगर बंद, कुळव चालू, पण पाळ्या लागतील तेवढ्याच, आणि त्याही वाफसा आल्यावर. ओल्यात ट्रॅक्टर घालायचा नाही. ज्वारी कापायची ती जमिनीलगत न कापता वीतभर धसकट ठेवून. एवढी सूट आईने दिली. याला बिननांगरट शेती म्हणायचं की नाही हे मला माहीत नाही, आणि भावाला ते नाव गेल्याचं थोडं वाईट वाटलं. त्याची हौस भागली ती माळावर. तिथे उतार आहे, माती पाण्यात मिनिटभर टिकत नाही, तिला दरवर्षी मोकळी करून वळवाच्या तोंडी देणं म्हणजे तिची पाठवणीच करणं. तिथली तूर टोकून लावायची, तुरीचा गळलेला पाला आणि बारीक काटक्या रानातच ठेवायच्या, दोन ओळींच्या मधे मटकी पसरू द्यायची. माती झाकलेली राहिली तर हे जमेल. राहिली नाही तर वर पापडी धरेल आणि आप्पांचं खरं होईल. म्हणून चारातलं एक एकर आप्पांच्या पद्धतीने नांगरलेलं ठेवलं, मधे फक्त एक बांध.

पहिल्या पावसाळ्यात बांधाच्या त्या अंगाला पाणी चहाच्या रंगाचं वाहिलं आणि ह्या अंगाला जरा फिकट. तूर दोन्हीकडे साधारण सारखीच आली, नांगरलेल्यात थोडी उंच. शेंगांचं वजन भावाने वेगवेगळं केलं, पण मधे एक पोतं चुकून दुसरीकडे गेलं आणि हिशेब बिघडला. वूस्टरला साठ वर्षं मोजत आहेत. आमचं पहिलं वर्ष पोत्यांच्या घोळात गेलं.

काळ्यातली ज्वारी चांगली आली. अडचण निघाली ती वरच्या कोपऱ्यात, विहिरीजवळच्या दोनतीन गुंठ्यांत. तिथे कुळव वरवर कापत गेला आणि खालून हरळी गादीसारखी पसरली. भाऊ म्हणाला, ग्लायफोसेट मारू, एका दिवसाचं काम. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रण चालकांपुरता मर्यादित केला आहे, ते मी त्याला दाखवलं. शिवाय विहीर पन्नास पावलांवर. आप्पा म्हणाले, तेवढ्यापुरता नांगर घाला, आबांनीही घातलाच होता. ट्रॅक्टरवाला तीन गुंठ्यांसाठी यायला तयार नाही. येतो तर सगळंच रान करतो म्हणतो, दरात सूट देऊन. खणायचं म्हटलं तर माणसं मिळत नाहीत.

या एप्रिलमध्ये मी सुट्टीला गेले तेव्हा आप्पा सकाळच्या उन्हात टिकाव घेऊन त्या कोपऱ्यात होते. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस. रोज चार हात जागा खणतात, मुळ्या वेचून बांधावर वाळत घालतात. भावाने दोनदा सांगून पाहिलं, आता सांगत नाही; कामावरून आला की तोही तासभर खणतो. मी हिशेब केला तर या चालीने पावसाआधी निम्मा कोपराही होणार नाही. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, “वहीत लिव्ह. हरळी, वैशाख, निम्मी.”